‘येथे क्लिक करा’ म्हणजे नेमकं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या घरी वेबपान कसं बनवावं, यावर आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. बडोद्यात आपला अंक मी संगणकावरच वाचते, म्हणून तो छापून ठेवला. लिंकबद्दल त्यात एवढंच आहे: ए टॅग (लिंक बनवणारी खूण) लिहा, त्यात पत्ता टाका, झालं. झालं कसलं! माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

मी एका शाळेत २७ वर्षं ग्रंथपाल होते. आमच्या गल्लीतल्या गणपतीची कार्यक्रमपत्रिका इंटरनेटवर टाकायचं काम निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडलं, कारण मंडळातल्या मुलांच्या मते “काकूंना वेळच वेळ आहे.” नोटपॅड उघडून बसले. कोनी कंस, त्यात ए, जागा सोडून एचरेफ, बरोबरचं चिन्ह, अवतरणचिन्हांत पत्ता, कंस बंद. मग वाचणाऱ्याला दिसायचे शब्द, आणि शेवटी तिरपी रेघ देऊन पुन्हा ए. एचरेफ म्हणजे हायपरटेक्स्ट रेफरन्स, हे कळल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ‘आरतीसंग्रह’ हा शब्द निळा होऊन खाली रेघ उमटली, क्लिक केल्यावर आरत्या उघडल्या, तेव्हा यांना हातातला चहा ठेवून बघायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून भाचीचा फोन. “मावशी, काहीच उघडत नाहीये गं.”

उघडणार कसं? मी दिलेला पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत होता, माझ्या डेस्कटॉपवरच्या फाइलचा. पुण्याच्या माणसाला ‘आमच्या फडताळात वरच्या खणात आहे, घे’ सांगण्यातलाच प्रकार. आरत्यांची फाइलही पानाच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये सर्व्हरवर (पान जिथे ठेवलेलं असतं त्या इंटरनेटवरच्या संगणकावर) चढवायची आणि लिंकमध्ये नुसतं तिचं नाव द्यायचं, हे दोन दिवसांनी उमगलं. तरी ‘पान सापडलं नाही’ सांगणारं ४०४ येतच राहिलं. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, मी लिंकमध्ये स्मॉल लिहिलं होतं. माझ्या विंडोजला दोन्ही सारखीच, पण आमचं पान होतं लिनक्सच्या सर्व्हरवर आणि त्याला तो फरक चालत नाही. आता मी फाइलची सगळी नावं स्मॉलमध्ये लिहिते, मध्ये जागा न सोडता आडवी रेघ देते. दुसऱ्याच्या संकेतस्थळाची लिंक देताना सुरुवातीचं एचटीटीपीएस गाळलं, तर ब्राउझर ते स्थळ आपल्याच फोल्डरमध्ये शोधत बसतो, हेही एकदा भोगून झालं. यातलं एखादं वाक्य तरी मजकुरात हवं होतं.

खरं म्हणजे बडोदेकरांना लिंकचं अप्रूप वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून घेतले आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. ग्रंथालयात कार्डांच्या खणात ‘पाहा’ची कार्डं असतात. माझ्याही खणात होती: ‘ज्ञानदेव – पाहा ज्ञानेश्वर’. कार्ड कुठे पाठवतंय ते कार्डावरच लिहिलेलं. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला, तोही तिथली विखुरलेली, हरवत जाणारी माहिती एकमेकींना जोडावी म्हणूनच. मी कार्डावर नुसतं ‘दुसरं कार्ड पाहा’ लिहिलं असतं, तर मुख्याध्यापकांनी मला दारातच उभं केलं असतं.

आता मुख्य तक्रार, आणि ती आपल्याबद्दल आहे. माझे धाकटे दीर काचबिंदूमुळे पाहू शकत नाहीत. ते एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात. फुकट मिळतो, मराठीही वाचतो, उच्चार जरा यंत्रासारखे. के दाबलं की तो एका लिंकवरून पुढच्या लिंकवर उडी मारतो आणि तेवढेच शब्द वाचतो. परवा आपली रविवारची पुरवणी त्यांनी लावली. मी शेजारी मटार सोलत होते. “लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, सविस्तर वाचा. लिंक, येथे क्लिक करा.” अकरा वेळा मोजलं. दीर म्हणाले, “वहिनी, हा स्टेशनबाहेरचा रिक्षावाला झाला. बसा बसा म्हणतो, नेणार कुठे ते सांगत नाही.”

आपल्या मजकुरातलं उदाहरणही तेच आहे: ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’, आणि टॅग फक्त शेवटच्या तीन शब्दांना. नवशिके हेच गिरवणार. आमच्या पानावर मीही ‘विसर्जन मिरवणुकीची वेळ पाहण्यासाठी येथे क्लिक करा’ असं लिहिलं होतं. आता नुसतं ‘विसर्जन मिरवणुकीची वेळ’ एवढंच ठेवलंय आणि टॅग त्याच शब्दांभोवती. पत्ता तोच, शब्द उलट कमी झाले. लिंकने पीडीएफ उघडणार असेल तर तेही त्या शब्दांतच सांगते, म्हणजे मोबाइलवाल्यांची चिडचिड होत नाही.

तेव्हा पुढच्या भागात उदाहरण बदलावं, आणि वेब आवृत्तीतल्या लिंकनाही नावं द्यावीत, ही विनंती. बातमीला मथळा असतोच की, तोच लिंकला द्यायला काय हरकत आहे?

आपल्याला लिहायचं म्हणून काल आमचं पान दिरांकडून पुन्हा तपासून घेतलं. वर्गणीच्या यादीखाली एक ‘येथे क्लिक करा’ राहिलं होतं. त्यांनीच पकडलं, रात्रीच काढून टाकलं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
दांडिया बाजार, वडोदरा