काका, जीभ आता बरी आहे

प्रिय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण इथे अमेरिकेत पाइप ओढणारे मराठी लोक आहेत, त्यांनीही तुमच्याबद्दल वाचावं असं वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

पाइप पेटवला की जीभ पोळायची आणि अर्ध्यातच डोकं गरगरायचं. डरहॅममधल्या एका दुकानात सौम्य तंबाखू मागितला की दर खेपेला आणखी महाग डबा हातात पडायचा. वर ‘माइल्ड’ लिहिलेलं, आत गोड वासाचा ओलाकिच्च चुरा. तक्रार केली तर ‘तुम्ही भराभर ओढता’ म्हणून मोकळे. याच नॉर्थ कॅरोलायनात, कॅसवेल काउंटीत, १८३९ साली स्टीफन नावाच्या एका गुलामाने कोळशाच्या धगीवर तंबाखूचं पान पिवळंधमक सुकवलं, आणि त्या पानावर पुढे राज्य गबर झालं. तिथल्या दुकानदाराला डब्यात कुठलं पान आहे हेही सांगता येऊ नये? माझा राग अजून उतरलेला नाही.

आणि तुम्ही! आधी निपाणीची वखार, मग गुंटूरला पान पारखायची नोकरी. लेकीकडे चार महिने आलेले. मंडळाच्या जेवणात माझं रडगाणं ऐकून एवढंच म्हणालात, “डबा सोड, पान घिऊन ये.”

अख्खी पानं घेऊन आलो, तर तुम्ही ती आधी नुसती हाताळलीत. बुडाकडची पातळ, कागदासारखी, फिकट पानं एका बाजूला. शेंड्याकडची जाड, चिकट, काळपट दुसऱ्या बाजूला. “कडकपणा वर चढतोय, बुडात कमी,” एवढ्यात सगळं आलं. मग अळूच्या पानासारखी शीर काढून, गुंडाळी करून बारीक कापणं. व्हर्जिनिया जातीची पानं बुडाकडचीच घ्यायची. ती गोड असतात, पण साखरेमुळे जिभेला झोंबतात, म्हणून जोडीला बर्ली ही दुसरी जात. बर्लीत साखर जवळजवळ नसतेच, पण ती चढते, तेव्हा हात राखून. उरलेली जागा तुर्कस्तानातल्या इझमीरच्या चिमुकल्या सुगंधी पानांना. “ओला तंबाखू जळत न्हाई, शिजतोय. वाफेनं जीभ भाजतीया.” एवढ्या महागड्या डब्यांत जे कळलं नाही, ते या एका वाक्यात कळलं.

पण आभार मानायचे आहेत ते याच्यासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ऑफिसला निघत असताना, तुमचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. “जीभ काय म्हणतीया आज?”

काका, त्या दुकानाने माझ्याकडून किती पैसे घेतले असतील देव जाणे. त्यातल्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही. ज्याला माझ्याकडून कपभर चहापलीकडे काही मिळणार नव्हतं, त्याने आठवणीने विचारलं. दोन मिनिटांचा फोन, पण मी गाडीत बसून बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

तुम्ही स्वतः तंबाखूला शिवत नाही, तरी मला एका शब्दाने हिणवलं नाहीत. आणि खोटा दिलासाही दिला नाहीत: “कमी बाधंल. बाधणारच न्हाई असं म्हणणार न्हाई मी.” विकणाऱ्यांपैकी एकानेही मला इतकं सरळ सांगितलं नव्हतं. आयुष्यभर पानाची प्रत ठरवताना शेतकऱ्याशीही तुम्ही असंच खरं बोलला असाल, याबद्दल मला शंका नाही. अशी माणसं वखारीत, बाजारात, कचेरीत कुठेतरी असतात म्हणून आपलं बरं चाललेलं असतं.

तुमच्या लेकीचे, ताईंचेही आभार. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आपण तो सगळा पसारा मांडला, घरभर वास केला, आणि त्यांनी वर पोहे खाऊ घातले.

बर्ली संपत आली आहे. केंटकीहून नवी पानं मागवलीत. तुम्ही परत जायच्या आधी ती तुमच्या नजरेखालून घालायची आहेत. रविवारी येतो.

आपला कृतज्ञ,
डरहॅमचा पाइपवाला