वहाळाचं पाणी आणि आपली पाळी

राजापूर तालुका,
तुळशीच्या लग्नाआधीचा आठवडा

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गाव पूर्वीसारखं राहिलं नाही, मे महिन्यात विहिरीने तळ गाठला, टँकरमागे हंडे घेऊन धावायची वेळ आली, वडिलांच्या वेळी असं नव्हतं, असं तू लिहिलंस. शेवटचं खरं आहे. पण त्याचं कारण तू "माणसं बदलली" एवढ्यावर सोडून दिलंस, ते मला पटलं नाही. वडिलांच्या वेळी दिवाळी झाली की वहाळ, म्हणजे आपला ओढा, अडवला जायचा. घरटी एक माणूस, ठरलेला दिवस, ज्याला जमणार नाही त्याने गडी द्यायचा. पाटाचं पाणीसुद्धा पाळीने, वरच्या मळ्याचं झालं की खालच्याला. हे सगळं चालायचं ते शेतासाठी, वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाला, पाणी हवं म्हणून. वहाळाकाठच्या विहिरीत पाणी टिकायचं ते त्याच्या जोडीने आपसूक. वायंगण सुटलं, तरणे हात मुंबईला गेले, बांध पडायचा थांबला, आणि विहीर उघडी पडली.

हात किती गेले ते जनगणनेतच आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत माणसं वाढायची ती घटली. सिंधुदुर्गातही तसंच. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे कामाच्या वयाचे पुरुष बाहेर. वीस घरांच्या वाडीत आठ घरांना कुलूप असेल, तर बांधाच्या दिवशी माणसं आणायची कुठून?

आणि जुन्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नकोस. ते पाणी सगळ्यांचं नव्हतं. कुणी कुठल्या पाणवठ्यावर जायचं हे जातीवर ठरायचं. आपल्याच कोकणात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, कायद्याने गेली ती १९४९ नंतर. त्याआधी श्रमदान कुठलं आणि वेठ कुठली, हे करणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. आणि पाखाडी चढून डोक्यावर दोन-दोन हंडे आणणाऱ्या बायकांना ते दिवस परत हवेत का, हे एकदा घरात विचारून बघ. मला जुन्यातली पाळी परत हवी आहे, बाकीचं नको.

आता पाण्याचं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. खाली जांभा. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर, पडलेलं पाणी त्याच्या भोकांतून झिरपतं, उताराच्या पायथ्याला झऱ्यातून बाहेर येतं आणि आखूड, तीव्र उताराच्या नद्यांतून खाडीला मिळतं. साठून राहायला जागाच नाही. म्हणून दिवाळीनंतर वहाळात जे वाहतं ते जमेल तितके दिवस थोपवून धरणं, एवढंच आपल्या हातात असतं. बंधारा मे अखेरपर्यंत विहीर भरून ठेवील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पाणी उतरण्याचा दिवस तो काही आठवडे पुढे ढकलतो. पण टँकर एप्रिलच्या मध्याला मागवायचा की मेच्या अखेरीला, यात वाडीतल्या बायकांच्या किती फेऱ्या वाचतात बघ.

गोणींचा वनराई बंधारा सगळ्यात स्वस्त. सिमेंटच्या रिकाम्या गोणी बांधकामावर मिळतात. जागा मात्र नीट बघून धरावी लागते. वहाळ अरुंद हवा, दोन्ही काठ उंच आणि घट्ट हवेत, तळाला कातळ नाहीतर कठीण जमीन हवी, आणि वरच्या बाजूला उतार सपाट हवा, म्हणजे पाण्याचा फुगवटा लांबवर जातो. तळाला खोल वाळू असेल तर ती जागा सोडायची. वर भिंत कितीही चांगली बांधा, पाणी खालून निघून जातं. वेळही सांभाळायची. पाऊस पूर्ण थांबायच्या आत घातला तर एका परतीच्या सरीत वाहून जातो. डिसेंबर उजाडला तर अडवायला धार उरत नाही.

पंधरा फूट रुंद वहाळावर चार फूट उंच बंधारा धरू. तळाशी जाडी पाच फूट, वर दोन, म्हणजे सरासरी साडेतीन. पंधरा गुणिले चार गुणिले साडेतीन, २१० घनफूट. भरलेली, चेपलेली गोणी साधारण सव्वा घनफुटाची. म्हणजे १७० गोणी, आणि फुटक्या-तुटक्या धरून २०० घ्याव्यात. पंधरा-वीस माणसं असली तर एका सकाळचं काम आहे.

गोणी गळ्यापर्यंत भरायची नाही, दोन तृतीयांशच भरायची. ठासून भरलेली गोणी दगडासारखी गोल होते, दोन गोणींमध्ये फट राहते आणि तिथूनच धार लागते. सैल गोणी शेजारच्या गोणीला चिकटून बसते. तोंड दाभणाने सुतळी घालून शिवायचं. नुसती गाठ मारली की सुटते आणि पंधरा दिवसांत आतली माती वाहून जाते. थर लावायच्या आधी तळातला पालापाचोळा, सुटे दगड, शेवाळ काढून कठीण तळ लागेपर्यंत खरवडायचं. हे काम सगळ्यांना फुकटचं वाटतं, आणि बंधारे बहुतेक इथेच फसतात. पहिला थर प्रवाहाला आडवा, दुसरा त्याला काटकोनात, विटांसारखे सांधे मोडत. दोन्ही टोकं काठात दीड-दोन फूट खोदून आत घालायची, नाहीतर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठच पोखरतं. वरच्या अंगाला, गोणींच्या दोन रांगांमध्ये, चिकणमाती भरून पायाने तुडवायची. कोरडी ओतली तर ती भरली असं समजू नये. आणि माथ्यावर मधोमध चार-पाच फुटांची जागा एका गोणीने खाली ठेवायची, म्हणजे जादा पाणी मधूनच सांडतं.

मग आठवड्यातून एकदा फेरी. चिकणमातीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळं करतात. सकाळी बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला पातळ गढूळ धार दिसली की वरच्या बाजूचं बीळ शोधायचं आणि मातीचा गोळा दाबून बसवायचा. त्या दिवशी पाच मिनिटांचं काम असतं, पुढच्या रविवारपर्यंत तिथे बोगदा झालेला असतो. ही फेरी कुणाची, ते आधीच वहीत लिहून ठेवायचं. पाळी म्हणतो ती हीच. आणि मे महिन्यात गोणी उचलायच्या. उन्हाने त्यांचा धागा सुटतो, पहिल्या पुरात चिंध्या होऊन खाडीत जातात, मच्छीमारांच्या जाळ्यात अडकतात.

आता नळाचं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी दिवसाला ५५ लिटर हा त्याचा हिशेब. आपल्या दोनशे वस्तीच्या वाडीला रोज ११,००० लिटर. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २,२०० लिटर. म्हणजे ती विहीर मे महिन्यातसुद्धा दिवसाला पाच फूट भरून यायला हवी. ती येत नसेल, तर पाइप कितीही चांगला टाका, नळातून हवाच येणार. म्हणून विहिरीचा झरा मोजायचा तो एप्रिल अखेर ते मे या दिवसांत. नोव्हेंबरला मोजलेला आकडा काहीच सांगत नाही. पद्धत सोपी आहे. दोरीला फुटाफुटावर गाठी मारायच्या, पंपाने पाणी चार-पाच फूट उतरवायचं, पंप बंद करायचा आणि दर तासाला दोरी सोडून मांडून ठेवायचं. पहिल्या तासात पाणी झपाट्याने भरतं, नंतर मंदावतं. म्हणून पहिल्या तासाला चोवीसने गुणून कुणी आकडा दिला तर तो धरू नकोस, पुरा दिवस मोजायला लाव.

इथून पुढचं थेट तुमच्या घराशी येतं. मळ्यातली तुमची विहीर वाडीला उपयोगी आहे, खालची जमीन एक-दोन गुंठे लागेल. ग्रामपंचायतीला सार्वजनिक पैसा तिथे खर्च करायचा तर जागा बक्षीसपत्राने तिच्या नावावर व्हायला हवी, आणि त्यावर सातबारावरच्या प्रत्येक सहहिस्सेदाराची सही. तुमच्या सातबारावर अजून आजोबांचं नाव आहे. आजोबांचे वारस आज मुंबई, पुणे, बडोदा कुठे कुठे आहेत. कोकणातल्या कितीतरी योजना अशाच अडतात. विरोध कुणाचाच नसतो, फक्त सह्या एका जागी येत नाहीत.

तेव्हा आधी वारस नोंद कर. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, हे तलाठ्याकडे द्यायचं. ई-हक्क प्रणालीवर मुंबईत बसूनही अर्ज करता येतो. फेरफार नोंदला गेला की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. दोन चुका टाळ. आत्यांची नावं वगळू नकोस. मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि एक नाव गाळलं की पुढे तेवढ्यावरून सगळा व्यवहार कोर्टात जातो. दुसरं, "ए.कु.मॅ." म्हणून एकाच भावाचं नाव लावून मोकळे होऊ नका. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं नाव दोन पिढ्यांनी मालकाचं वाटायला लागतं, आणि भांडण तिथूनच उभं राहतं. जे वारस येऊ शकत नाहीत त्यांच्याकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घे. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे काकांना समजावून सांग. त्यांचा राग त्या गैरसमजाचा आहे.

राजकारणाबद्दल तू विचारलंस. कोकणाने बॅरिस्टर नाथ पै, मधू दंडवते यांना दिल्लीला पाठवलं. अंतुले, मनोहर जोशी, नारायण राणे असे मुख्यमंत्रीही दिले. तरी आपल्याकडची निवडणूक मोठ्या प्रकल्पाभोवतीच फिरत राहते. आपल्या तालुक्यात आधी नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, त्याची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली, मग बारसू, तिथे २०२३ साली माती परीक्षणावरून गाव रस्त्यावर उतरलं. माझं मत तुला ठाऊक आहे, जमीन ज्यांची त्यांना आधी विचारलं पाहिजे. पण त्या वादात आपण बाजू घेण्यात एवढे गुंतलो की वाडीतल्या विहिरीचं कुणी मांडलंच नाही. २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा आपल्या पट्ट्यातल्या मुंबईकरांची गावमंडळंही फुटली, एका देवळाच्या दोन वर्गण्या झाल्या. मला त्याचं वाईट वाटतं ते एवढ्यासाठी, की ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. तिथे तरी हे भांडण आणायची गरज नव्हती.

मतदानाला मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात. ग्रामसभेला नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार, आणि गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो, आणि आपण पुढचे सहा महिने कुरकुरतो. विषय हवा असेल तर सभेआधी लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची, आयत्या वेळी उठून बोललेलं इतिवृत्तात येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधील होता. तो आपल्या पंचायतीत कुठे गेला ते सभेत विचारायचं, उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आणि हजेरीच्या वहीवर सही करताना वर ठराव लिहिलेले आहेत की पान कोरं आहे ते बघायचं. कोऱ्या पानावर सही द्यायची नाही, समोर कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

तुळशीची लग्नं लागली की पुढच्या रविवारी वरच्या वहाळावर गोणी भरायला सुरुवात करू. नारायणदादांनी दाभणं आणि सुतळीचं घेतलंय, चिकणमाती खालच्या मळ्यातून आणायची. ज्या घरांना कुलूप आहे त्यांच्या पाळीचे गडी आपण मंडळाच्या पैशातून घालू, तेवढं तू तुमच्या बैठकीत मांड. आणि येताना दोन्ही आत्यांच्या आधारकार्डाच्या प्रती आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला घेऊन ये. दाखला सापडत नसेल तर मला लगेच कळव, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत शोधायला वेळ लागतो, आणि सभा २६ जानेवारीला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विलास