एचआयव्ही लसीसाठी भारताने हात पुढे करावा

महोदय,

अमेरिकेने २०२५ मध्ये एचआयव्ही लस संशोधनाच्या निधीला कात्री लावली आणि दक्षिण आफ्रिकेतले काम अडले. त्याचे नागपूरला काय, असे कृपया कोणी म्हणू नये. आपल्या शहरातल्या एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, रात्रीची एसटी पकडून येणारी माणसे गोळ्यांची बाटली पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली दडवून परत जातात. हे जन्मभर चालते.

थायलंडमध्ये १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी दंड पुढे केला, तेव्हा कुठे २००९ मध्ये लसीचा सुमारे ३१ टक्के परिणाम दिसला. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्या २०२० आणि २०२३ मध्ये थांबवाव्या लागल्या. सतत रूप बदलणारा हा विषाणू एकट्या देशाला आवरणारा नाही. शिवाय आपल्याकडे आणि दक्षिण आफ्रिकेत त्याचा ‘सी’ हाच उपप्रकार प्रामुख्याने आढळतो. म्हणजे तिथली चाचणी आपल्याही कामाची. पुण्यात २००५ मध्ये अशी चाचणी झालेली आहे, अनुभव आहे, शास्त्रज्ञ आहेत. केंद्र सरकारने आफ्रिकी संशोधकांसोबत संयुक्त चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी द्यावा आणि विदर्भातल्या खासदारांनी ही मागणी संसदेत लावून धरावी.

– एक वाचक, धंतोली, नागपूर