वेग वाढवला की आवाज चिरका होतो : चौथ्यांदा तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, म्हणून लेखी कळवतो आहे.

गेल्या महिन्यात तुमचं ऑडिओबुकचं ॲप अपडेट झालं, तेव्हापासून पुस्तकाचा वेग वाढवला की आवाजाची पट्टी चढते. अडीचपटीला भारदस्त आवाजाचा वाचक चार वर्षांच्या पोरासारखा किंचाळतो. आधी असं होत नव्हतं. आवाजाचे बारीक तुकडे करून, काही गाळून, उरलेले एकमेकांवर सरकवून जोडले की वेळ वाचतो आणि पट्टी तीच राहते. हे काम तुमचं ॲप तीन वर्षं चोख करत होतं. ती सोय गेली, तर दुप्पट वेगाला आवाज अख्खं सप्तक वर जातो, हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको.

मराठीचं त्यात काय होतं? 'श'चा फूत्कार खालच्या पट्टीतला, 'स'चा वरच्या. सगळंच वर सरकलं की 'श'चा 'स' होतो. 'शासन'चं 'सासन', 'शके'चं 'सके'. एकेक वाक्य तीनदा मागे घेऊन ऐकतो आहे.

मी जन्मांध आहे, शाळेत इतिहास शिकवतो आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा अभ्यास करतो. इतर लोक डोळ्यांनी पानं चाळतात, मी कानांनी चाळतो. १८ तास ३० मिनिटांचं पुस्तक अडीचपटीने ७ तास २४ मिनिटांत होतं. नोकरी सांभाळून अभ्यास होतो तो या हिशेबावर.

आणि कालचा फोन. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "सर, स्क्रीनवर वर उजवीकडे निळं बटण दिसतंय का?" मी म्हणालो, मला दिसत नाही, मी स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ॲप चालवतो, हे पहिल्या तक्रारीपासून लिहिलेलं आहे. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, "ओके सर. तर ते निळं बटण दाबा." मी पुन्हा सांगितलं. "मग घरात कुणी आहे का सर, ज्यांना दिसतं? त्यांना फोन द्या ना." बायको बाजारात गेली होती. घरात असती तरी दिला नसता. खातं माझं, पैसे माझे, तक्रार माझी! शेवटी म्हणे, "एवढं फास्ट ऐकायचंच कशाला सर? नॉर्मल स्पीडला एकदम क्लिअर आहे. आरामात ऐका." माझं वाचन मी कसं करावं, हे मी विचारलं नव्हतं. दहा मिनिटांत मेसेज आला, तक्रार सोडवून बंद केली. काय सोडवलं? पट्टी अजून चढलेलीच आहे.

अंधशाळेत आम्ही कॅसेटवर पुस्तकं ऐकायचो. टेप पळवला की आवाज असाच चिरका व्हायचा आणि आम्ही निमूट मूळ वेगावर यायचो, कारण इलाज नव्हता. आज इलाज आहे, तुमच्याकडेच होता. म्हणून तर शाळेतल्या जुन्या अकरा मित्रांना मी हे ॲप घ्यायला लावलं. आता त्यांचे फोन मला येतात.

बंद केलेली तक्रार उघडा आणि पट्टी पूर्ववत करा. १५ दिवसांत झालं नाही तर वर्षाची उरलेली वर्गणी परत हवी. तीही आली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. चारही फोनचे तक्रार क्रमांक माझ्याकडे आहेत.

उत्तर ईमेलने, मजकुरात द्या. स्क्रीनशॉट पाठवू नका.

आपला वर्गणीदार