आई, तुझ्या हाताला दोष नाही

इंदिरानगर, नाशिक

आई-बाबा,

चिकूला, माझ्या बाळाला, जुलाब लागले म्हणून काल आई म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल." फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

आई, चिकूच्या शीच्या तपासणीत रोटाव्हायरस नावाचा विषाणू निघाला. खिचडी नाही, केळं नाही, दात तर नाहीच नाही. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, ही त्याचीच तऱ्हा. खेळण्यावरून, दाराच्या कडीवरून, कुठूनही हाताला लागतो. त्याच्या लसीचे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस झाले होते, म्हणूनच बहुधा सलाइनची वेळ आली नाही. शिगेलासारख्या जिवाणूंचं वेगळं. त्यात रक्त-आव पडते, ताप येतो, तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात. विषाणूवर ते चालत नाही. आणि बाबा, ती जुलाब थांबवायची बाटली टाकून द्या. एवढ्या लहानाला ती द्यायची नसते. तुम्ही काळजीपोटीच आणलीत, कळतंय मला.

सोमवारपासून चिकू तुमच्याकडे न राहता पाळणाघरात जाईल. पैसे भरलेत. द्वारका चौकातली गर्दी, माझी ऑफिसची वेळ, सगळं तुम्हाला सांगून झालंय. पाळणाघरात असले जंतू आणखी फिरतात, तेही ठाऊक आहे. पण त्याच्यापाठोपाठ आईला जुलाब लागले, त्यात बीपीची गोळी चालू, मोरीपाशी चक्कर आली, आणि मला कळलं दोन दिवसांनी! शिक्षा म्हणून नाही गं नेत त्याला.

लहानपणी माझं पोट बिघडलं की तू तांब्यात साखर-मीठ कालवून आधी स्वतः चाखायचीस. "डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको." परवा रात्री ओआरएस चमच्या-चमच्याने पाजताना मीही पहिला चमचा चाखला. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा. तो झोपला तुझ्या गोधडीतच.

आता ऐका. ओआरएसचा मोठा पुडा अख्खा एक लिटर पाण्यात, अंदाजाने अर्धामुर्धा नाही. 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. हात साबणाने; नुसत्या सॅनिटायझरवर भागवायचं नाही. आईची लघवी कमी झाली, चक्कर आली, तर त्याच क्षणी फोन, रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. बाबा, हे तुमच्याकडे.

चिकूची झिंकची गोळी 14 दिवस चालू राहील, जुलाब थांबले तरी. रविवारी येतो आम्ही, दिवसभर. पेज तूच भरव, आई. माझ्या हातची तो थुंकतो.

तुमची,
ताई