आभारांच्या वहीबद्दल

डेव्हिस, कॅलिफोर्निया

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आभार कसले लिहीत बसतेस? देवापुढे हात जोडलेस तरी पुरे." तेव्हा मी बसमध्ये होते, म्हणून आता नीट लिहिते.

या गावच्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि त्यांचे सहकारी मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने ज्याबद्दल कृतज्ञ वाटलं ते लिहायचं, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. आठवड्यातून एकदा, असे १० आठवडे. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा पहिला गट अधिक समाधानी निघाला, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी आणि व्यायाम जास्त. बाबा म्हणतील, कटकटीच लिहायला लावल्या तर माणूस कुरकुरणारच! मलाही तसंच वाटतं. पण वही सोडवत नाही.

रोज मात्र लिहीत नाही, फक्त रविवारी. रोज लिहिलं की 'तब्येत, घर, नोकरी' अशी वाण्याची यादी होते. एकच गोष्ट घ्यायची आणि ती कुणामुळे घडली ते लिहायचं. गेल्या रविवारी तुझं मेतकूट होतं. पुडीवर तू 'आधी जुनं संपव' लिहिलंस. जुनी पुडी अजून उरली असणार, हे तुला तिकडे बसून कळलं! त्यावर पानभर लिहिलं गेलं. ऑफिसात पगारवाढ टळली त्याचे आभार मात्र मानत नाही हं. ते साहेबांशीच बोलायचं.

आता तुझ्याकडे एक काम. लिहिताना दहावीच्या गणिताच्या बाई आठवल्या. शाळा सुटल्यावर फी न घेता मला शिकवायच्या, आणि मी पेढे देऊन मोकळी झाले. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी असे आभार मानायचे राहून गेलेल्या माणसाला पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. त्यांचा आनंद सगळ्यांत जास्त वाढला, आणि महिनाभर टिकला. पुढे ओसरला, तेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलंय. मला तेवढंही चालेल. बाई अजून जुन्या वाड्यातच राहतात का, काकूला विचारून कळव. जानेवारीत येईन तेव्हा जाऊन येईन. त्यांना आधी सांगू नकोस, नाहीतर पोह्यांची तयारी करून ठेवतील.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू