थीम पार्कचा हिशेब परभणीपासून मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थीम पार्कच्या कौटुंबिक सहलीचं अंदाजपत्रक छापून आलं. पार्कचं तिकीट, आतलं जेवण आणि गाडीचं पेट्रोल मिळून चौघांचा आकडा काढला होता. सकाळी घरून नाश्ता करून निघा आणि रात्री जेवायला घरी या, असा सल्लाही होता. पुणे, पनवेल, ठाणे इथल्या वाचकांना तो बरोबर लागू पडतो. परभणीहून सकाळी निघून रात्री ताटावर परत यायचं तर जालना-संभाजीनगर करूनच माघारी फिरावं लागेल. आपला पेपर आमच्याकडेही येतो, आणि पुरवणी आधी लेकरं वाचतात. त्या दिवशी आमच्या गल्लीत किती घरांत "आई, एवढ्यातच होतंय की!" हे वाक्य ऐकू आलं असेल, याची आपल्याला कल्पना नसावी.

म्हणून हे पत्र. मी घरी शिलाईकाम करते. हे मोंढ्यात अडत दुकानावर दिवाणजी आहेत. घरात सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. आमच्यासारख्यांनी अशी सहल करू नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आम्ही केली आणि मजा आली. म्हणणं एवढंच, की मराठवाड्यातल्या घरात पार्कचं तिकीट हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग असतो तिथवर जाण्याचा आणि राहण्याचा, आणि नेमका तोच आपल्या लेखात नव्हता.

पहिला प्रश्न, जायचं कुठं? महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रात थीम पार्क म्हटलं की खोपोलीजवळचं इमॅजिका. ते चांगलंच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण परभणी, नांदेड, हिंगोलीच्या माणसाला हैदराबाद जवळ आहे. इथून हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, खोपोली त्याहून शंभराहून अधिक किलोमीटर लांब. २०१६ पासून हैदराबादच्या आउटर रिंग रोडला लागून वंडरला हे पार्क आहे, रामोजी फिल्म सिटी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. सासूबाईंना हे पटवावं लागलंच नाही. त्यांच्या माहेरी दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, माणसं हैदराबादलाच जायची. पुणं त्यांच्या लेखी अजूनही लांबचंच गाव आहे.

आता प्रवास. अजिंठा एक्सप्रेस मध्यरात्र उलटल्यावर परभणीला येते आणि सकाळी हैदराबादेत उतरवते. इथं एक गोष्ट छापून सांगायला हवी, कारण ती चुकते. रात्री बारानंतरच्या गाडीला तारीख पुढची लागते. शुक्रवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. आमच्या शेजारचं कुटुंब शुक्रवारच्या तारखेचं तिकीट घेऊन शुक्रवारी रात्री फलाटावर उभं होतं. त्यांची गाडी आदल्याच रात्री निघून गेली होती.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं. त्यामुळे होळीच्या आधी जायचं तर जानेवारी लागताच बसून तिकिटं काढावी लागतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. आम्ही मुलीचा बर्थ घेतला, मुलाला अर्ध्या तिकिटावर माझ्याजवळ झोपवलं. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, तेव्हा सासूबाईंचंही पूर्ण तिकीट.

एसटीने गेलं तर बायकांना अर्धं तिकीट आहेच की, असं मला बऱ्याच जणींनी सुचवलं. सवलत खरी आहे, मार्च २०२३ पासून आहे आणि आम्ही ती मनापासून वापरतो. पण ती राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे तेलंगणात तिथल्या सरकारने बायकांना बस फुकट केली आहे, ती तिथल्या रहिवाशांना. आमचं आधार कार्ड परभणीचं. म्हणजे हद्दीच्या अलीकडे अर्धं आणि पलीकडे पूर्ण. लेकरांना घेऊन रात्रभर बसून जाण्यापेक्षा रेल्वेत पाठ टेकलेली बरी, असं मी ठरवलं.

पार्कच्या तिकिटाचीही एक गंमत आहे. रेल्वे आणि एसटी लेकराचं वय विचारतात, पार्क उंची विचारतं. दारापाशी खुणा केलेली पट्टी असते, तिथं उभं करतात. आमची मुलगी उंच आहे. रेल्वेच्या दृष्टीने ती लहान आणि पार्कच्या दृष्टीने मोठी. मी निघायच्या महिनाभर आधी दोघांना चपला काढून भिंतीला टेकवलं, डोक्यावर शिलाईची लाकडी पट्टी आडवी धरली, पेन्सिलीने खूण केली आणि टेप लावला. मुलगा टाच उचलत होता. त्याला मोठं व्हायचं होतं आणि मला तो लहान मुलांच्या तिकिटात बसवायचा होता. त्या पेन्सिलीच्या खुणेवर आमचे काही शे रुपये ठरले. दुसरंही एक त्यातूनच कळतं. बऱ्याच मोठ्या राइडना १४० सेंटिमीटरच्या आसपास उंची लागते. लेकरू त्याखाली असेल तर जाहिरातीतल्या निम्म्या राइड त्याला दुरूनच पाहाव्या लागतात. हे घरीच सांगून ठेवलं तर तिथं रडारड होत नाही. राइडमध्ये न बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही आत जायला तिकीट लागतं. ज्येष्ठांना काही सूट असते, पण तिकीट लागतंच. सासूबाई सावलीत पिशव्या सांभाळत बसतात म्हणून लॉकरचं भाडं वाचतं, असं हे म्हणतात. सासूबाईंसमोर म्हणत नाहीत.

पाण्याच्या भागाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तो माझ्या धंद्यातला विषय आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही. वॉटर पार्कमध्ये सुती कपडा चालत नाही. नायलॉन किंवा लायक्राचाच हवा. कारण साधं आहे. सुती कापड पाण्यात धागे सोडतं, आणि ते गाळण यंत्रात जाऊन अडकतात. शिवाय ओली सुती ओढणी किंवा साडी घसरगुंडीवर अडकली तर जिवावर बेतेल. नियम योग्यच आहे. पण तो कळतो कधी? तिकीट काढून आत गेल्यावर. माझ्यासमोर आपल्याच भागातल्या दोन बायका कॉटनचे पंजाबी ड्रेस घालून पाण्याच्या कडेला बसून राहिल्या होत्या. पैसे पूर्ण भरलेले. आतल्या दुकानात पोहण्याचे कपडे मिळतात, पण किंमत ऐकून त्या परत आल्या, आणि मापाचंही जमंना. दुकानातले कपडे शहरातल्या मुलींच्या बेताने केलेले, तोकडे. आमच्या वयाच्या बाईने तसं घालावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

मी घरूनच शिवून नेलं होतं. बाजारात लायक्राचं ताणणारं कापड मीटरवर मिळतं. त्याचा गुडघ्याखाली येणारा पायजमा आणि कोपरापर्यंत बाह्यांचा लांब अंगरखा शिवला. हे कापड साध्या सुईने शिवलं तर टाके सुटतात, त्याला गोल टोकाची सुई लागते आणि टाका नागमोडी घालावा लागतो, म्हणजे ताणल्यावर दोरा तुटत नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक. मी, मुलगी आणि मुलगा तिघांचं मिळून जे कापड लागलं, त्याचा खर्च तिथल्या एका जोडाइतकाही आला नाही. गल्लीतल्या बायका आता माझ्याकडून शिवून घेतात, हा वेगळा फायदा. जाहिरात वाटू नये म्हणून पत्ता लिहीत नाही.

आता आकडे. आम्हा पाच जणांचे, होळीच्या आधीच्या आठवड्यातले, रुपयांत आणि गोळाबेरीज करून. रेल्वे जाऊन-येऊन २,६००. परतीची गाडी हैदराबादहून संध्याकाळी सुटते आणि पार्कही संध्याकाळपर्यंत चालू असतं, त्यामुळे एक मुक्काम टळत नाही. लॉजचे १,८००. शहरातून पार्क तीसेक किलोमीटर, तिथं जायला-यायला गाडी करून २,०००. पार्कची तिकिटं ६,०००. खाणंपिणं २,५००, कारण पार्कात बाहेरचा डबा नेता येत नाही आणि आत चहासुद्धा शहाण्या माणसाने भाव विचारून प्यावा. किरकोळ ५००. दुसऱ्या दिवशी चारमिनार, लाड बाजारातल्या बांगड्या आणि सासूबाईंच्या बहिणीकडे न्यायची मिठाई १,५००. बेरीज १६,९००. यात पार्कचं तिकीट एक तृतीयांशाहून थोडंसंच जास्त आहे. आपल्या पुरवणीतला आकडा वाचून जो माणूस घरातून निघेल, त्याची परतीची पंचाईत होईल.

पैसे कुठून आले, तेही लिहिते. बारा जणींची भिशी, महिना दीड हजार, उचल अठरा हजार. फेब्रुवारीची उचल मी आधीच मागून ठेवली होती. ज्यांना भिशी नको त्यांनी बँकेत वर्षाची आवर्ती ठेव काढावी, थोडं व्याजही मिळतं. 'आता फिरा, नंतर हप्ते भरा' अशा जाहिराती मोबाईलवर येतात, त्यांच्या नादी मात्र लागू नये. मे महिन्यात फिरून आलेल्या माणसाला जूनमध्ये बियाणं, खत, वह्या-पुस्तकं आणि गणवेश असे खर्च एकदम येतात. गणवेश उधारीवर शिवून मागणारी माणसं मी दर जूनमध्ये पाहते. त्यात सहलीचा हप्ता नको.

वेळही आम्ही आमच्या सोयीने निवडली. दिवाळीत मोंढ्यात सोयाबीनची आवक असते, ह्यांना सुट्टी मागायची सोय नाही. मग तूर. मे महिन्यात पार्कला गर्दी, गाडीला वेटिंग आणि उन्हाने जीव नको होतो. तुरीची आवक ओसरल्यावर मंगळवार-बुधवार गाठले, तर पार्कात रांगा कमी आणि बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारपेक्षा तिकीटही स्वस्त असतं. शाळेचे दोन दिवस बुडतात. वर्गाच्या बाईंना सांगून बुडवले. जिल्हाधिकारी दरवर्षी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्यांचाही उपयोग होईल असं कुणी सुचवलं होतं. पण त्यातली सुट्टी महालक्ष्म्यांची, म्हणजे गौरींची. त्या घरात बसलेल्या असताना झोपाळ्यावर कोण बसणार!

एवढी माणसं लांब जातात तर मराठवाड्यातच मोठं वॉटर पार्क का नको, असाही सूर निघतो. मला तो पटत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथं करमणुकीसाठी पाण्याचे हौद मागायला माझी जीभ रेटत नाही. त्यापेक्षा जाणं सोपं करा. एसटी लग्नाला, सहलीला प्रासंगिक करारावर गाडी देते. एकेका गल्लीतली आठ-दहा कुटुंबं मिळून तशी गाडी केली तर माणशी किती पडेल, याचा तक्ता आगारात मराठीत लावलेला असावा. आज तो विचारायला तीन खिडक्या फिराव्या लागतात. पार्कवाल्यांनी कपड्याचा नियम जाहिरातीतच ठळक लिहावा, तिकिटाच्या अटींच्या तळाशी नव्हे. खाजगी सहलवाल्यांनी पॅकेजमध्ये काय नाही, ते आधी सांगावं. आमच्या इथल्या एकाच्या फलकावर माणशी रक्कम मोठ्या अक्षरात आहे. दुपारचं जेवण, लॉकर आणि ड्रायव्हरची बक्षिसी त्यात नाही, हे गाडीत बसल्यावर कळतं.

आणि आपल्याला विनंती. पुढची पुरवणी काढाल तेव्हा एक चौकट परभणी, एक लातूर आणि एक बीडपासून मोजून छापा. लातूरकरांना पुण्याकडचं बरं की हैदराबादचं, हे तिथलाच कुणी नीट सांगेल. बीडला रेल्वेचं गणित वेगळं आहे. परभणीची चौकट मी लिहून देते, वही तयार आहे, लॉजची पावतीसुद्धा चिकटवलेली आहे.

आपली,
एक वाचक, परभणी